मेंदूच्या रक्तप्रवाहाचा स्कॅन आणि सकाळचा चहा

मेंदूच्या स्पेक्ट स्कॅनसाठी, म्हणजे किरण सोडणारे औषध टोचून मेंदूत रक्त कुठे किती पोचते ते कॅमेऱ्याने टिपण्याच्या तपासणीसाठी, ज्यांचे नाव आमच्याकडे नोंदले आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या घरच्यांसाठी हे पत्रक. काउंटरवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्याहून वाईट म्हणजे लांबून गाडी करून आलेला पेशंट स्कॅन न करता परत पाठवावा लागतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: चहा.

चहाकडे वळण्याआधी एक महत्त्वाचे. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, आणि हे आत्ता, काही तासांत घडले असेल, तर तो मेंदूचा झटका (पक्षाघात) असू शकतो; आम्हाला फोन करू नका. सीटी स्कॅनची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याचा निर्णय सीटी पाहून होतो. आमचा स्कॅन त्या घाईसाठी नाही. तो पुढच्या टप्प्यावर लागतो.

कोणत्या टप्प्यावर? डॉपलर किंवा अँजिओग्राफी झाली, मानेतली कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी) सत्तर-ऐंशी टक्के बंद निघाली किंवा मोयामोया (मेंदूच्या तळाशी वाहिन्या हळूहळू बंद होत जाण्याचा आजार) निघाला, मधूनमधून हाताला मुंग्या येतात, पण एमआरआयमध्ये फारसे काही नाही, अशा पेशंटच्या डॉक्टरांना प्रश्न पडतो की रक्तवाहिनी अरुंद झाली हे कळले, पण मेंदूला त्यामुळे खरेच कमी पडते आहे का? काहींची एक बाजू पूर्ण बंद असूनही दुसऱ्या बाजूने आणि मागून पुरेसे रक्त येते. काहींचे जेमतेम भागते. नळी किती अरुंद आहे ते अँजिओग्राफी सांगते. पलीकडच्या भागात रक्त किती पोचते आणि गरज वाढली तर आणखी किती मिळू शकेल, हे आमचा स्कॅन दाखवतो.

त्यासाठी डायमॉक्स नावाचे औषध शिरेतून देतो, मोठ्या माणसाला साधारण एक ग्रॅम, सावकाश. त्याने मेंदूतल्या निरोगी रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तप्रवाह चांगलाच वाढतो. ज्या भागाला आधीच कमी पडते, तिथल्या वाहिन्या मुळातच शक्य तितक्या ताणलेल्या असतात. त्यांना आणखी रुंदावायला जागा नसते, म्हणून तो भाग चित्रात मागे राहतो. पंधरा-वीस मिनिटांनी टेक्नेशियम (किरण सोडणारा पदार्थ) घातलेले ईसीडी हे दुसरे औषध टोचतो. ते एक-दोन मिनिटांत मेंदूत शिरते आणि तिथेच अडकून बसते. म्हणून कॅमेऱ्याखाली तुम्ही पाऊण तासाने झोपलात तरी चित्र इंजेक्शनच्या क्षणाचेच येते. त्या क्षणी पाहणे, ऐकणे, बोलणे चालू असेल तर मेंदूच्या तेवढ्या भागात रक्त जास्त जाते आणि तेही चित्रात उतरते. त्या वेळी खोलीतला दिवा मंद का करतो, मोबाइल का काढून घेतो, सोबतच्या माणसाला बाहेर का बसवतो, हे यावरून लक्षात येईल. आजोबांशी गप्पा मारायला हरकत नाही, पण सुई टोचण्याआधी किंवा त्यानंतर दहा मिनिटांनी.

आता चहा. कॅफिन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसवते. दोन-तीन कप कॉफीत असते तेवढे, म्हणजे सुमारे अडीचशे मिलिग्रॅम कॅफिन पोटात गेले की मेंदूचा रक्तप्रवाह वीस ते तीस टक्क्यांनी घटतो. आपल्या चहात कॅफिन कमी असते, हे मान्य. पण सकाळचा एक, नाश्त्याबरोबर एक आणि वाटेत धाब्यावर एक कटिंग, अशी बेरीज होते. आम्ही वाहिन्या रुंदावण्याचे औषध देणार आणि तुम्ही आकसवणारे घेऊन येणार, मग चित्रात आजार किती आणि चहा किती, हे कसे ठरवायचे?

काही जण, त्यांत डॉक्टरही आले, म्हणतात की तुम्ही डावी-उजवी बाजूच ताडून पाहता ना? दोन्हीकडे सारखेच कमी झाले तर बिघडले कुठे? आजार एकाच बाजूला असेल तर हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण आमच्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांच्या दोन्ही कॅरोटिड खराब असतात. मोयामोया तर बहुधा दोन्हीकडेच असतो. तिथे ताडून पाहायला चांगली बाजूच उरत नाही. शिवाय एक स्कॅन डायमॉक्सचा आणि दुसरा साधा, असे दोन दिवस लागले, आणि एका दिवशी चहा झाला, दुसऱ्या दिवशी नाही, तर दोन चित्रांतला फरक चहाचाही असू शकतो. त्यावर कोणी मेंदूच्या बायपासचा (बंद वाहिनीला वळसा घालून मेंदूला रक्त पोचवणाऱ्या शस्त्रक्रियेचा) विचार करावा, हे आम्हाला पटत नाही. म्हणून नियम सगळ्यांना सारखा: स्कॅनच्या आधी चोवीस तास चहा, कॉफी, ग्रीन टी, कोला, एनर्जी ड्रिंक, चॉकलेट बंद. बिनदुधाचा चहा हाही चहाच. सिगारेट, बिडी, तंबाखू, मिश्री आणि दारूही नको. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन असते, ती पाकिटावरची नावे वाचून पाहा. चहा सुटला की सवयीच्या माणसाचे डोके दुखते. तसे झाले तर आम्हाला फोन करून विचारा, घरातली मिळेल ती गोळी घेऊ नका.

“मग दुपारपर्यंत थांबतो, तेव्हा करा,” असे हमखास सुचवले जाते. त्याने काम होत नाही. कॅफिनचे शरीरातले प्रमाण निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात. इकडे टेक्नेशियम दर सहा तासांनी आपोआप निम्मे होते. तुमच्या नावाचे औषध सकाळी तयार केलेले असते. ते फ्रीजमध्ये ठेवून वाचत नाही आणि दुसऱ्या दिवशी उपयोगी पडत नाही. ते वाया गेले की त्याचे पैसे आम्हाला परत मिळत नाहीत, म्हणून नोंदणीच्या रकमेतला तो भाग आम्हीही परत करत नाही. यावर वाद होतात याची कल्पना आहे. पण चहा घेतल्याचे आदल्या संध्याकाळपर्यंत कळवले तर औषध तयारच करत नाही, तारीख पुढची देतो आणि एक रुपयाही कापत नाही. आदल्या सकाळी आम्ही आठवणीचा मेसेज पाठवतो तो याचसाठी. पेशंट व्हॉट्सॲप पाहत नसेल तर घरात चहा कोण करते, त्यांचा नंबर द्या. हे अजिबात गमतीने सांगत नाही. सूनबाईंच्या फोनवर मेसेज गेला की काम होते.

उपाशी येऊ नका. रक्ततपासणीच्या सवयीने लोक रिकाम्या पोटी येतात आणि साखर उतरून घाम फुटतो. हलका नाश्ता करा, भरपूर पाणी प्या. रोजच्या गोळ्या चालू ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, आमच्या माणसानेही तसे सांगितले तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्यांना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे, किडनीचा त्रास आहे, त्यांनी नाव नोंदवतानाच सांगावे. गरोदर असण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही. फोनवर आम्ही मेंदूच्या झटक्याची तारीख विचारतो, ती चौकशी म्हणून नाही. झटक्यानंतर पहिले तीन दिवस डायमॉक्स देत नाही. त्यापुढचे दोन-तीन आठवडेही फसवे असतात, कारण मेलेल्या भागाकडे कधी कधी उलट जास्त रक्त धावते आणि चित्र चांगले दिसते.

डायमॉक्सने ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, चेहरा गरम वाटतो, डोके जड होते. ते थोड्या वेळाने जाते. लघवीला मात्र जोरात होते, तेव्हा कॅमेऱ्यावर जाण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. नंतर वीस-तीस मिनिटे मान न हलवता पडायचे असते. मान हलली तर चित्र पुन्हा घ्यावे लागते, आणि मागचा पेशंट खोळंबतो.

रेडिएशनचे विचारतातच. एका स्कॅनमध्ये साधारण सहा मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिळतात. म्हणजे शून्य नाही, पण ज्या निर्णयासाठी स्कॅन होतो त्याच्या मानाने थोडे. कारणाशिवाय मात्र आम्हीही करत नाही. चोवीस तासांत टेक्नेशियम सोळाव्या हिश्श्यावर येते. त्या दिवशी नातवाला मांडीवर घेऊन बसू नका, एवढे पुरे.

डायमॉक्सचा स्कॅन आधी करतो. तो स्वच्छ आला तर दुसऱ्या दिवशीच्या साध्या स्कॅनची गरजच राहत नाही आणि त्याचे पैसेही लागत नाहीत. एकाच दिवशी दोन्ही उरकून द्या असा आग्रह होतो, पण वरचे गणित पाहता पहिल्या औषधातले टेक्नेशियम तोवर मेंदूत बरेच उरलेले असते, म्हणून आम्ही तसे करत नाही.

रिपोर्ट हाती आला की घरी अर्थ लावत बसू नका. डाव्या मेंदूला झटका आणि रिपोर्टमध्ये उजव्या बाजूच्या लहान मेंदूचा प्रवाह कमी, असे वाचून “दुसरा झटका आला का?” म्हणून घाबरलेले फोन येतात. मोठ्या मेंदूची एक बाजू लहान मेंदूच्या विरुद्ध बाजूशी जोडलेली असते. इकडचे काम थंडावले की तिकडचेही मंदावते. हा नवा झटका नव्हे. तसेच, राखीव क्षमता (गरज वाढली तर आणखी रक्त मिळण्याची सोय) संपली असे लिहून आले म्हणजे बायपास ठरलाच असे नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, कॅरोटिड पूर्ण बंद आणि रक्त कमी पडणारे पेशंट पेट स्कॅनने (मेंदूचा रक्तप्रवाह मोजणाऱ्या दुसऱ्या एका तपासणीने) निवडूनही, नुसत्या औषधांपेक्षा बायपास वरचढ ठरला नाही. मोयामोयाचा हिशेब वेगळा आहे. निर्णय तुमच्या न्यूरोसर्जनचा. ते आमच्या डॉक्टरांशी थेट बोलू इच्छित असतील तर दुपारी चारनंतर बोलता येते, त्याचे वेगळे शुल्क नाही.

हृदयाच्या स्ट्रेस थॅलियमसाठी येणाऱ्यांनाही चहाचा नियम तोच आहे, उपासाचा मात्र वेगळा. त्यांचे पत्रक काउंटरवर निळ्या कागदावर मिळेल.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी, चालू औषधांची यादी आणि जुना एमआरआय व अँजिओग्राफी आणा, नुसता कागद नको, सीडीसुद्धा. ती चित्रे आमच्या चित्रावर ठेवून वाचली की रिपोर्ट दुसऱ्या दिवशी देता येतो. सीडी घरी राहिली तर ती येईपर्यंत रिपोर्ट थांबतो.