शाहू कोणते, गादी कोणती?

राजर्षी शाहू जयंतीला कुणीतरी हटकून बाळाजी विश्वनाथाला त्यांचा पेशवा करून टाकतो. बाळाजी विश्वनाथ ज्यांचे पेशवे, ते संभाजीराजांचे पुत्र शाहू सातारचे, ते १७४९ साली वारले. आरक्षण देणारे राजर्षी शाहू कोल्हापूरचे, त्यांचा जन्म १८७४चा. नाव एक, गाद्या दोन. त्या दोन का झाल्या? भाऊबंदकीमुळे.

१६८९ साली रायगड पडला तेव्हा बाल शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या हाती सापडले. इकडे राजाराम महाराजांनी आणि त्यांच्यामागे ताराबाईंनी राज्य झुंजवत ठेवलं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, आझमशहाने शाहूंना सोडलं आणि चुलती-पुतण्या समोरासमोर आले. शाहूंचा दावा सरळ होता, थोरल्या घराचा वारसा. ताराबाईंचं म्हणणं, संभाजीराजांच्या वेळी राज्य गेलं. नवं उभं केलं ते माझ्या नवऱ्याने, तेव्हा ते माझ्या मुलाचं. शिवाय आलेला शाहू तोतया आहे, असंही त्यांनी उठवलं. परसोजी भोसल्यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून तो संशय मोडला, असं सांगतात.

ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला गाठ पडली. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव ऐनवेळी शाहूंना मिळाले आणि लढाईचा निकाल तिथेच लागला. माझ्या मते हे युद्ध तलवारीपेक्षा वतनांच्या कागदांवर जास्त लढलं गेलं. जो सरंजाम, म्हणजे फौजेच्या खर्चासाठी दिलेला मुलूख, पक्का करील त्याच्याकडे सरदार. धनाजींचा मुलगा चंद्रसेन पुढे शाहूंना सोडून ताराबाईंकडे आणि तिथून निजामाकडे गेला. कान्होजी आंग्र्यांनी शाहूंच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केलं. नंतर बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्याच कान्होजींना शाहूंच्या बाजूला वळवलं. प्रतिनिधी, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारे, त्यांचं घर तर दोन्हीकडे वाटलं गेलं: एक शाखा सातारकडे, दुसरी विशाळगडाला.

घरात दोघांचेही हाल झाले. शाहू १७०८ला साताऱ्यात राज्याभिषेक करून बसले, पण आई मोगलांकडे ओलीस. येसूबाई परतल्या १७१९ मध्ये, दिल्लीहून चौथाईच्या, म्हणजे मोगली मुलखातून महसुलाचा चौथा हिस्सा वसूल करण्याच्या, सनदा आल्या तेव्हा. ताराबाईंची गादी पन्हाळ्यावर होती, तीच पुढची कोल्हापूरची. तिथे ताराबाईंना शाहूंनी नव्हे, सवतीने उलथवलं: १७१४ साली राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी गादीवर बसवला आणि ताराबाई-शिवाजी ही मायलेकरं कैदेत गेली. म्हणजे कोल्हापूरची गादी पुढे चालली ती ताराबाईंच्या नव्हे, राजसबाईंच्या मुलाची. आणि हे संभाजी दुसरे. शाहूंच्या वडिलांशी त्यांची गल्लत करू नये.

१३ एप्रिल १७३१च्या वारणेच्या तहाने वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा ठरला. सातारची गादी १८४८ला इंग्रजांनी खालसा केली, कोल्हापूर संस्थान १९४९पर्यंत टिकलं.

ताराबाई मात्र १७३० नंतर राहिल्या कुठे? साताऱ्यात, ज्याला तोतया म्हटलं त्याच पुतण्याच्या आश्रयाला. शाहूंना औरस वारस नव्हता, तेव्हा ताराबाईंनी आपला म्हणून लपवून वाढवलेला नातू रामराजा पुढे केला. तो सातारच्या गादीवर बसला, पण ऐकेना. मग बाईंनी त्याला कैद केलं आणि हा आपला नातूच नव्हे म्हणून जाहीर केलं.