फिल्टर नळाखाली का धुऊ नये

कोल्हापुरात घरोघरी माशांची टाकी साफ करायची पद्धत साधारण एकच. सकाळी नळाला पाणी आलं की मासे बादलीत काढायचे, टाकी पूर्ण रिकामी करायची, खडे चोळून घ्यायचे, फिल्टरचा स्पंज धारेखाली पिळून पिळून स्वच्छ करायचा आणि ताजं पाणी भरून वर नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारणाऱ्या ‘अँटी-क्लोरीन’ औषधाचे चार थेंब सोडायचे. टाकी लखलखते. मग दोन-तीन दिवसांत गोल्डफिश वर येऊन धापा टाकू लागतात, एखादा दगावतो, आणि बोल लावला जातो दुकानदाराला. माझ्या मते हे मासे बहुतेक वेळा अति स्वच्छतेनेच मरतात.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतात. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया माशांना विषारी. फिल्टरच्या स्पंजवर आणि त्यातल्या सिरॅमिक रिंगांवर (चिनीमातीच्या छोट्या कड्यांवर) वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि ते बाहेर काढण्यासाठीच पाणी बदलायचं असतं. यातलं दुसरं काम, म्हणजे नायट्राइटचं नायट्रेट करणं, नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जायचं. 1998 मध्ये मत्स्यटाक्यांवरच्याच अभ्यासातून दिसलं की तिथे हे काम नायट्रोस्पायरा हे वेगळे जिवाणू करतात. 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलेच होते!

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. जुना स्पंज बोटांत धरून पाहा: तपकिरी, किंचित बुळबुळीत थर हाताला लागतो. तीच त्यांची वस्ती. त्यांची वाढ फार संथ. नवा फिल्टर नीट चालू लागायला चार ते सहा आठवडे जातात. जोराच्या धारेखाली चोळलं की थर सुटून जातो आणि उरलेल्यांना क्लोरीनचा मार बसतो. म्हणून टाकीतून काढलेलं जुनं पाणी बादलीत ठेवावं आणि स्पंज त्यातच दोन-तीनदा हलक्या हाताने दाबावा. पाणी खेळतं राहण्याइतका गाळ निघाला की बास. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी धुऊ नयेत, खडेही त्याच दिवशी उपसू नयेत. फिल्टरमधला वरचा पांढरा कापूस मात्र खुशाल बदलावा, तो गाळ अडवण्यापुरताच असतो.

आता क्लोरीन. पिण्याच्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर उरलेला क्लोरीन असावा, असं भारतीय मानक सांगतं. पावसाळ्यात पंचगंगा गढूळ झाली की पाण्यातल्या सेंद्रिय घाणीतच बराच क्लोरीन खर्ची पडतो, म्हणून शुद्धीकरणात मात्रा वाढवावी लागते. तेव्हा वर्षभर तेच चार थेंब पुरतील हे गृहीत धरू नये. बाजारातल्या बहुतेक अँटी-क्लोरीनमध्ये सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचा हायपो. तो क्लोरीनचं साध्या क्लोराइडमध्ये रूपांतर करतो, तेही मिनिटभरात. एक मिलिग्रॅम क्लोरीनला सात मिलिग्रॅमपर्यंत हायपो लागतो.

मात्रा अंदाजाने घालू नये. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण 54 लिटर पाणी मावतं. त्यातलं चौथाई, म्हणजे जेमतेम एक बादली, आठवड्याला बदललं तरी पुष्कळ. औषध बादलीतच ढवळून मग पाणी ओतायचं असेल तर मात्रा बादलीची. नळी लावून थेट टाकीत भरायचं असेल तर औषध आधी टाकायचं आणि मात्रा अख्ख्या टाकीची धरायची, कारण नवं पाणी आत पडताक्षणी कल्ल्यांना लागतं.

पाणी काढण्याआधी फिल्टर आणि हीटर, दोन्हींचे प्लग काढावेत. पातळी उतरल्यावर मोटर कोरडी फिरून जळते, उघडी पडलेली हीटरची तापलेली काच थंड पाण्याने तडकते, आणि हात पाण्यात असताना वीज चालू ठेवणं जिवावरचं आहे. काम अर्ध्या तासात आटोपत असेल तर जिवाणूंना काही होत नाही. वीज मात्र कित्येक तास गेली, तर बंद डब्याच्या फिल्टरमधला प्राणवायू संपतो. अशा वेळी चालू करण्याआधी त्यातलं साचलेलं पाणी बाहेर ओतून द्यावं.

बोअरच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसतो, पण त्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) बहुधा चढा असतो. पीएच 7 असताना 25 अंश तापमानाला एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे फिल्टर धुतला त्याच दिवशी बोअरचं पाणी भरलं, तर अमोनिया खाणारे घटले आणि अमोनियाचं विष वाढलं.

2019 च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराला टँकरवर दिवस काढावे लागले. तशी वेळ आली तर पाणी बदलणं सरळ लांबणीवर टाकावं आणि खाद्य निम्म्यावर आणावं. धडधाकट मोठे मासे चार दिवस उपाशीही राहू शकतात.