राइडिंग मोवरचा ब्लेड-क्लच : विद्युत दोषनिदान

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रात इंजिनाची गती पात्यांना जोडणारा व तोडणारा विद्युतचुंबकीय क्लच. यालाच पीटीओ (पॉवर टेक-ऑफ, म्हणजे इंजिनाची शक्ती बाहेर घेणारा) क्लच असेही म्हणतात. तो इंजिनाखाली क्रँकशाफ्टवर बसवलेला असतो. स्विच ओढला की बॅटरीचा 12 व्होल्टचा प्रवाह स्थिर कॉइलमधून वाहतो आणि पोलादी चकती फिरत्या रोटरला चिकटते. 'टक्' असा आवाज होतो, पट्टा व पाती फिरू लागतात. प्रवाह तुटताच स्प्रिंगा चकतीला मागे खेचून ब्रेकवर दाबतात.

पाती फिरेनाशी झाली की पहिला संशय क्लचवर येतो, आणि पुष्कळदा तो निर्दोष असतो. आधी एवढेच पाहावे : पात्यांबरोबर इंजिनही बंद पडते का? पडत असेल तर बहुतेक यंत्रांत दोष सीटखालच्या सुरक्षा स्विचच्या बाजूला असतो. सीटचा फोम बसला की खड्ड्यातून जाताना चालक उचलला जातो आणि यंत्राला वाटते, माणूस उतरला. इंजिन चालू राहून फक्त पाती थांबत असतील तर क्लचचे सर्किट तपासावे : फ्यूज, स्विच, रिले (विजेवर चालणारा स्विच) असल्यास तो, जोडणीचे कनेक्टर आणि अर्थिंगची (बॉडीची) जोडणी.

कॉइलचा रोध कनेक्टर सोडवून मोजतात. तो साधारण 2 ते 4 ओहम असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलेली, शून्याजवळ असेल तर आतून शॉर्ट. अशी कॉइल फ्यूज उडवत राहते. कॉइलचे टोक व लोखंडी बॉडी यांत मात्र जोड दिसता कामा नये.

खरी फसगत व्होल्टेज मोजताना होते. मोकळ्या कनेक्टरवर 12.6 व्होल्ट दिसले म्हणून तार चांगली ठरत नाही. हिरवट गंज चढलेली पिनही मीटरपुरता सूक्ष्म प्रवाह सहज सोडते. 4 अँपिअर मागितले की दम तोडते. म्हणून क्लचच्या जागी हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब जोडावा. तो जवळपास क्लचइतकाच प्रवाह ओढतो. बल्ब मिणमिणला आणि मीटर 10 व्होल्टवर उतरला, तर नवा क्लच आणूनही काही साधणार नाही. उलट, बॅटरीवरून थेट वीज देऊनही 'टक्' होत नसेल तर क्लचच दोषी. थेट वीज देण्याची ही चाचणी इंजिन बंद ठेवून, किल्ली व स्पार्क प्लगची तार काढूनच करावी.

बडोद्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, एक निराळा दोष वर येतो : सकाळी यंत्र ठीक, तासाभराने पाती आपोआप सुटतात, सावलीत गार झाले की पुन्हा चालू. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे 30 अंशांना 2.8 ओहम असलेली कॉइल 100 अंशांना साडेतीन ओहमच्या वर जाते आणि प्रवाह 4.5 वरून 3.5 अँपिअरवर येतो. ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, तेव्हा ढोबळमानाने चाळीस टक्के ताकद गेली. त्यात घर्षणाने चकती झिजून तिच्यात व रोटरात फट वाढलेली असेल तर चुंबकाचे काही चालत नाही. अशा वेळी रोध गरम असतानाच मोजावा. थंड यंत्रावर सगळे बरोबरच दिसते.

फट साधारण 0.3 ते 0.5 मिलिमीटर ठेवतात. समायोजनाची सोय असलेल्या क्लचला बहुधा तीन खिडक्या व तीन नट असतात. प्रत्येक खिडकीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून नट सारखे आवळावे लागतात. दोन बघून तिसऱ्याला 'चालशे' (गुजरातीत 'चालेल') म्हटले, तर चकती तिरकी चिकटते आणि एका बाजूने जळते.

कापणीचा जोर पावसाळ्यात असतो. ओले गवत पात्यांखाली गच्च बसते, भार वाढतो, क्लच घसरून तापतो. नंतर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खालची बाजू धुतली की कनेक्टरमध्ये ओल शिरते. जळलेली कॉइल पंपाच्या मोटारीसारखी रिवाइंडिंगला टाकण्याकडे बडोदेकरांचा ओढा असतो, पण ही कॉइल बहुधा घट्ट रेझिनमध्ये ओतलेली असते. ती फोडून काढताना खोबणीच बिघडते. क्लच बदलणेच स्वस्त पडते.