पानिपतच्या स्लाईड आणि परतूरचा निर्णय: थोडी पार्श्वभूमी

वाळूज असो, चिकलठाणा असो की जालना, एमआयडीसीतल्या लीडरशिप ट्रेनिंगला आता गनिमी कावा आणि पानिपत ठरलेलंच. निजामशाहीच्या मलिक अंबरने मोठ्या फौजांची रसद कशी तोडायची हे आपल्याच भागात राहून दाखवलं होतं पण तो कुणाच्या स्लाईडमधे नसतो, जाऊ द्या.

खरा विषय १७६० चा. फेब्रुवारीत उदगीरला निजाम हरला, पेशव्यांना साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद मिळालं, आणि तिकडून बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आलेली, मग मार्चमधे परतूरला, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातल्या, ठरलं की उत्तरेला अब्दालीवर सदाशिवरावभाऊ जाणार, रघुनाथरावदादा नाही. यावर लोक अजून भांडतात. दादांना उत्तर माहीत होती पण मागची मोहीम कर्जात घालून आलेले. भाऊ हिशोबाला कडक, जिंकून ताजे, पण उत्तरेत कधी लढलेले नाहीत. वरून नावाला सेनापती पेशव्यांचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, हे फॅमिली बिझनेसवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही. मला वाटतं कर्ज बघून माणूस बदलला यात काही वावगं नव्हतं, घोळ पुढं झाला, उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चालल्या म्हणून तिकडं पण तसंच चालेल असं धरलं, बायकापोरं अन् जड सामान मागं ठेवा असं उत्तरेतली जाणती माणसं सांगत होती ते ऐकलं नाही, आणि शेवटी रसदच तुटली. ट्रेनर मात्र डायरेक्ट १४ जानेवारी १७६१ वर येतो, परतूर गाळूनच टाकतो.

कंपन्यांमधे लष्कराकडून शिकायचं हे खूळ शिरलं ते मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४६ ला अमेरिकेतल्या एका मोठ्या मोटार कंपनीने हवाई दलात आकडेमोड करणारे दहा अधिकारी एकदम उचलले, तोट्यातली कंपनी त्यांनी हिशोबावर आणली. त्यातलाच एक १९६१ ला तिकडचा संरक्षणमंत्री झाला अन् व्हिएतनाममधे शत्रूचे किती मेले याच्या आकड्यांवर युद्ध मोजायला लागला, ते काय जमलं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्याच लष्कराने सरावानंतर सगळ्यांना बसवून विचारायला सुरुवात केली, काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढं काय करायचं. साहेब आणि शिपाई दोघांनी बोलायचं, आपल्याकडं शॉपफ्लोअरला नेमकं हेच अवघड जातं.

आपल्याकडं रिटायर होणारे फौजी अधिकारी मॅनेजमेंट संस्थेत सहा महिन्यांचा कोर्स करून कंपनीत येतात, बाकीच्या जवानांना बहुतेक गेटवरची सिक्युरिटी. २०२२ ला अग्निवीर आलं, चार वर्षं नोकरी आणि जास्तीत जास्त २५ टक्के कायम, तेव्हा मोठमोठ्या उद्योगपतींनी आम्ही या पोरांना घेऊ म्हणून जाहीर केलं होतं. पहिली बॅच २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडेल, त्यात बीड, परभणी, लातूरची पोरं पण असतील, त्यांना स्टोअर अन् प्लॅनिंगला बसवतात का परत गेटवरच, ते तेव्हा कळेल.