रिपोर्टचा गैरवापर (रेडिट)

नियमभंग झालेला नसताना केवळ कुणाला गप्प करण्यासाठी, मॉडरेटरांना दमवण्यासाठी किंवा छळण्यासाठी रेडिटवरील तक्रारीच्या सोयीचा केलेला उपयोग. रेडिट हे सदस्यांनीच मजकूर टाकण्याचे आणि चर्चा करण्याचे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झाले. २००८ पासून सदस्यांना स्वतःचे समुदाय (सबरेडिट, थोडक्यात ‘सब’) काढता येऊ लागले आणि त्यांची राखण बिनपगारी मॉडरेटरांकडे, बोलीत ‘मॉड’कडे, आली. मराठी सबरेडिटही असेच चालतात.

रिपोर्ट (तक्रार) झालेला मजकूर ‘मॉडक्यू’ या रांगेत येतो. तिथे रिपोर्टचे कारण आणि संख्या दिसते, रिपोर्ट करणाऱ्याचे नाव दिसत नाही. रिपोर्ट करणारा त्याच सबचा मॉड असेल तरच ते दिसते. नावे उघड करा, अशी मागणी अधूनमधून होते. ती मान्य झाली तर धमक्या देणाऱ्याविरुद्ध रिपोर्ट करायला कुणी धजावणार नाही. मात्र मत पटले नाही म्हणून ‘द्वेषमूलक’ हे कारण निवडून मोकळे होणेही याच आडोशामुळे सोपे जाते.

खरी खोट बहुधा ऑटोमॉडरेटरच्या, म्हणजे मॉडने लिहिलेले नियम आपोआप लावणाऱ्या यंत्रणेच्या, नियमात असते. ठरावीक रिपोर्ट आले की मजकूर आपोआप हटवावा, असे त्याला सांगता येते. हा आकडा ३ ठेवला, तर मॉड झोपलेले असताना तिघे मिळून कुणाचीही पोस्ट गायब करू शकतात. म्हणून कृती ‘रिमूव्ह’ न ठेवता ‘फिल्टर’ ठेवावी: मजकूर झाकला जातो, पण निर्णयासाठी रांगेत राहतो. नियम फक्त नव्या, समजा ३० दिवसांच्या आतल्या, खात्यांच्या मजकुराला लावला तर जुने सदस्य त्यातून सुटतात. ही अट लिहिणाऱ्याच्या खात्याला लावता येते, रिपोर्ट करणाऱ्याच्या नाही.

मराठी सबमध्ये रिपोर्टवर जास्त विसंबावे लागते, कारण शब्दांची चाळणी गळकी असते. ऑटोमॉडरेटरची शब्दजुळणी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पद्धतीने चालते आणि तीत काना-मात्रा-वेलांटी हा अक्षराचा भाग धरला जात नाही; शब्द तिथेच संपला असे यंत्राला वाटते. यादीत ‘चोर’ टाकला की ‘सायकल चोरीला गेली’ म्हणणाराही अडकतो. उलट रोमन लिपीतली शिवी, एकेका शब्दाची चार स्पेलिंगे असल्याने, सहज निसटते.

खोट्या रिपोर्टवर मॉड आधी मजकूर ‘अप्रूव्ह’ (मंजूर) करतो. तेवढे पुरत नाही. नवा रिपोर्ट आला की मजकूर पुन्हा रांगेत येतो. तेव्हा सोबत ‘इग्नोर रिपोर्ट्स’ (पुढचे रिपोर्ट दुर्लक्षित करा) दाबावे लागते. कुणी स्वतःच्या शब्दांत कारण लिहून रांग भरत असेल, तर त्याचे असे रिपोर्ट ७ दिवस ‘स्नूझ’ करता, म्हणजे थोपवून ठेवता, येतात. तयार यादीतून निवडलेल्या कारणांना ही सोय लागू नाही. चिवट प्रकरणात त्या मजकुरावर मॉडनेच ‘रिपोर्टचा गैरवापर’ असा रिपोर्ट करायचा. मग कंपनीचे कर्मचारी (ॲडमिन) तपासून खात्याला ताकीद देतात वा ते निलंबित करतात. रिपोर्ट कुणी केला होता, हे मॉडला तेव्हाही कळत नाही.

सर्वांत ओंगळ प्रकार म्हणजे आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी २०२० मध्ये आणलेल्या मदतीच्या रिपोर्टचा. वादात हरलेला माणूस तो समोरच्यावर टाकतो आणि त्याला मदतवाहिनीचा संदेश जातो. त्या संदेशातच गैरवापर कळवण्याची सोय असते. ती ज्याला संदेश आला त्यानेच वापरायची असते, मॉडच्या रांगेत हा रिपोर्ट येतच नाही.