पार्श्वभूमी : पुस्तक, पडदा आणि खुनाची जबाबदारी

माध्यमांमुळे हिंसा घडली असा दावा अमेरिकेत उभा राहिला, की बचाव पक्षाचे वकील सर्वांत आधी 1969 च्या निकालावर बोट ठेवतात. ओहायोतल्या एका वर्णवर्चस्ववादी पुढाऱ्याने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर भाषण केले होते. त्याची शिक्षा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, बोलणाऱ्याचा रोख तत्काळ बेकायदा कृती घडवून आणण्याकडे असेल आणि ती घडण्याची दाट शक्यताही असेल, तरच त्याला दोषी धरता येईल. 1919 पासून चालत आलेली ‘स्पष्ट आणि तत्कालीन धोक्या’ची कसोटी तिथे मागे पडली. नवी कसोटी जमावापुढे उभ्या असलेल्या वक्त्याला चपखल लागू पडते. पुस्तक मात्र वर्ष वर्ष कपाटात राहते आणि वाचणारा एकटाच असतो. पुढचा गुंता इथूनच सुरू झाला.

सुरुवातीचे दावे निष्काळजीपणाचे होते. लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्राने आपल्या निवेदकाच्या गाडीला शहरात जो आधी गाठेल त्याला बक्षीस लावले. दोन किशोरवयीन मुलांनी पाठलागाच्या नादात तिसऱ्याच माणसाची गाडी रस्त्याबाहेर ढकलली आणि तो मेला. 1975 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला जबाबदार धरले. भाषणस्वातंत्र्याची ढाल चालली नाही. पण त्याच राज्यात 1981 मध्ये उलटे झाले. 1974 साली दाखवलेल्या एका टीव्हीपटातला प्रसंग पाहून काही मुलांनी नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला, असा तो दावा होता. चिथावणीचा हेतू नव्हता, म्हणून तो फेटाळला गेला. निष्काळजीपणा पुरेसा धरला तर वाहिन्या धास्तीने निरुपद्रवी तेवढेच दाखवतील, ही भीती त्यामागे होती. ती निराधार नव्हती. पण तिची किंमत त्या मुलीच्या पदरात पडली.

भाडोत्री सैनिकांच्या एका मासिकातल्या छोट्या जाहिरातींवरून मारेकरी ठरवून दोन खून झाले आणि दोन अपील न्यायालयांनी दोन तऱ्हेचे निकाल दिले. 1989 मध्ये जाहिरातीचे शब्द संदिग्ध ठरले आणि मासिक सुटले. 1992 मध्ये मात्र ‘भाड्याने बंदूक’ असा मथळा आणि ‘सर्व कामांचा विचार केला जाईल’ असे वाक्य होते. कसलीही चौकशी न करता नुसत्या मजकुरावरूनच धोका दिसत होता, असे म्हणत न्यायालयाने सुमारे 44 लाख डॉलरची भरपाई कायम केली.

यानंतरचे प्रकरण सर्वांत जास्त उद्धृत होते आणि तितक्याच चुकीच्या पद्धतीने सांगितले जाते. मार्च 1993 मध्ये मेरीलँडमध्ये एक आई, तिचा आठ वर्षांचा अपंग मुलगा आणि त्याची परिचारिका यांचा खून झाला. मुलाला भरपाई म्हणून मिळालेल्या सुमारे 20 लाख डॉलरवर वडिलांचा डोळा होता. त्यांनी मारेकरी नेमला होता. मारेकऱ्याने वर्षभर आधी टपालाने एक पुस्तक मागवले होते. 1983 चे, 130 पानांचे, सुपारी घेऊन खून कसा करावा हे पायरीपायरीने सांगणारे. कुटुंबांनी प्रकाशकावर दावा लावला.

‘पुस्तकामुळे प्रकाशक खुनाला जबाबदार ठरला’ असे सर्रास म्हटले जाते. तसे झालेले नाही. खटला उभा राहण्याआधीच निकाली निघावा म्हणून प्रकाशकाच्या वकिलांनी काही तथ्ये लेखी मान्य केली: गुन्हेगारांनी हे पुस्तक वापरून खून आखावेत आणि करावेत असा आपला हेतू होता, तशी जाणीवही होती, आणि या मारेकऱ्याला त्याची मदत झाली. एवढे सगळे मान्य करूनही राज्यघटनेने दिलेले भाषणस्वातंत्र्य आपल्याला वाचवते, हे त्यांना सिद्ध करायचे होते. 1996 मध्ये जिल्हा न्यायालयाने ते मानले. नोव्हेंबर 1997 मध्ये अपील न्यायालयाने ते उलटवले. हा प्रश्न चिथावणीचा नाही, गुन्ह्याला सहाय्य करण्याचा आहे, आणि मदत शब्दांतून केली म्हणून ती मदत राहत नाही असे होत नाही, असे त्याने सांगितले. निकालपत्राच्या आरंभी पुस्तकातले उतारे आहेत; त्यांतलाही काही भाग वाचकांना धोका नको म्हणून न्यायालयाने गाळला.

मग हा निकाल त्या कबुलीवर उभा आहे की पुस्तकाच्या मजकुरावर? माध्यमसंस्था प्रकाशकाच्या बाजूने न्यायालयात उतरल्या होत्या आणि त्या आजही कबुलीवरच जोर देतात: ती नसती तर दावा टिकला नसता. निकालपत्र मात्र पुढे जाते. कबुली बाजूला ठेवली तरी मजकूर आणि विक्रीची पद्धत यांवरून ज्यूरी हेतूचा निष्कर्ष काढू शकते, असे त्यात स्पष्ट आहे. माझ्या मते निकालाचा खरा कणा तोच आहे. पण ज्यूरीसमोर तो कधी तपासलाच गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये दखल घ्यायला नकार दिला आणि 1999 मध्ये खटल्याच्या तोंडावर तडजोड झाली. कुटुंबांना पैसे मिळाले, पुस्तक विक्रीतून गेले आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

1997 च्या या निकालाचा आधार घेऊन 1998 मध्ये लुइझियानात एका चित्रपटाविरुद्धचा दावा पुढे सरकला; हेतूचा पुरावा न सापडल्याने 2001 मध्ये तो संपला. केंटकीतल्या शाळेतल्या गोळीबारानंतर पालकांनी गेम, चित्रपट आणि संकेतस्थळांवर लावलेला दावा 2002 मध्ये पडला. हिंसक व्हिडिओ गेमनाही राज्यघटनेचे संरक्षण आहे, हे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

आजचे दावे बहुतेक राज्यघटनेच्या प्रश्नापर्यंत पोचतच नाहीत. इतरांच्या मजकुराबद्दल संकेतस्थळांना प्रकाशक मानू नये, असे 1996 चा कायदा सांगतो आणि वाद तिथेच अडतो. इस्तंबूलच्या नाइटक्लबवरील हल्ल्याबद्दल समाजमाध्यमांना जबाबदार धरण्याचा दावा 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला; नुसती सेवा उपलब्ध असणे म्हणजे सहाय्य नव्हे, असे ते म्हणाले. 1997 ला प्रकाशकाविरुद्ध निकाल देणाऱ्या त्याच अपील न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमधील हत्याकांडातल्या एका मृताच्या मुलीचा समाजमाध्यम कंपनीवरचा दावा 1996 च्या याच कायद्याखाली नाकारला. मजकूर कोणापुढे ढकलायचा हे ठरवणारा अल्गोरिदम ही कंपनीची स्वतःची कृती नाही का, हा तिच्या बाजूचा प्रश्न होता.

बफेलोतल्या सुपरमार्केटमध्ये 2022 ला दहा कृष्णवर्णीयांचा बळी गेला. तिथल्या कुटुंबांचा समाजमाध्यम कंपन्यांवरचा दावा 2024 मध्ये खालच्या न्यायालयाने चालू दिला होता. जुलै 2025 मध्ये अपिलात तो तीन विरुद्ध दोन मतांनी बंद झाला. विरोधी मत देणाऱ्या दोघांच्या मते, या माध्यमांची रचनाच सदोष आहे हा आरोप तपासाला जायला हवा होता.