वॅक्सिंगआधीचा तो फॉर्म कुठून आला

वॅक्सिंगला किंवा आयब्रोचा परमनंट मेकअप करायला गेलं की हल्ली एक फॉर्म पुढे सरकवतात आणि आपण तो न वाचताच सही करून मोकळे होतो. पिंपल्सचं क्रीम लावता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, डायबिटीस आहे का, हेअर डायची ॲलर्जी आहे का, वगैरे वगैरे. मीही वर्षानुवर्षं सगळीकडे "नाही" वर टिक करत आले, रोज रात्री ॲडापलीन हे पिंपल्सचं जेल चोपडत असतानासुद्धा. मग एकदा आयब्रोखालची पट्टी ओढली आणि केसांबरोबर कातडीचा पापुद्राही निघून आला. नखाएवढीच जागा, पण ओलसर, चकचकीत लाल, नंतर खपली, आणि नंतर दोन महिने तपकिरी डाग. पार्लरवालीला बोल लावायची सोय नव्हती, तिने विचारलं होतं, खोटं मीच लिहिलं होतं. तेव्हापासून हे प्रश्न मुळात आले कुठून याचा नाद लागला, आणि वाचत गेले तसं दिसायला लागलं की त्यातले बरेचसे कोणाचं तरी चांगलंच नुकसान झाल्यावर आलेले आहेत.

केस काढायची हौस जुनीच. इजिप्तच्या थडग्यांमध्ये चिमटे आणि वस्तरे सापडलेत. रोमन तत्त्वज्ञ सेनेका एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहायचा, तिथल्या गोंगाटाबद्दल त्याने एका पत्रात कटकट केलीये, त्यात काखेतले केस उपटणाऱ्याचाही उल्लेख आहे, हा बाबा गिऱ्हाईक मिळेपर्यंत स्वतः ओरडतो आणि मिळालं की गिऱ्हाइकाला ओरडायला लावतो. दोन हजार वर्षं झाली, बिकिनी वॅक्सच्या खोलीबाहेर बसलं तर आजही हेच ऐकू येतं.

खरी गडबड सुरू झाली "परत येणारच नाहीत" या वचनापासून. १८७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने, पापणीचे केस उलटे वळून बुबुळाला टोचतात ना, ते काढायला केसाच्या मुळाशी सुई घालून वीज सोडली आणि तो केस पुन्हा उगवला नाही. ही इलेक्ट्रोलिसिस. एकेक केस घेऊन बसायचं म्हणजे चिकाटीचं काम, पण पद्धत टिकली. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे अन्न-औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, अजूनही "कायमचे केस काढणं" हे शब्द हिच्यासाठीच वापरतं, लेझरला ते "कायमची घट" म्हणतात. जाहिरातीत हा फरक बरोब्बर गळून पडतो.

पण एकेक केसाला वेळ कोणाला होता. १८९५ मध्ये एक्स-रे सापडले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरने एका लहान मुलीच्या पाठीवरचा मोठा केसाळ डाग एक्स-रे देऊन साफ केला. केस गेले, पण नंतर पाठीला जखम झाली आणि ती भरता भरेना. एवढं होऊनही १९२० च्या दशकात अमेरिकेत ट्रायको नावाची एक्स-रेची यंत्रं पार्लरमध्ये आली, लाकडी पेटीसमोर काही मिनिटं गाल धरून बसायचं, दुखत नाही, भाजत नाही, वास नाही. दुखत नाही हीच खरी भानगड होती, कारण काय होतंय ते कळायचंच नाही. कातडी सुरकुतणं, डाग, जखमा हे पुढे आलं, आणि काहींना तर कित्येक वर्षांनी कॅन्सर.

त्याच सुमारास कोरेमलू नावाचं क्रीम आलं. त्यात थॅलियम ॲसिटेट होतं, म्हणजे ज्या धातूचे क्षार उंदीर मारायला वापरायचे तोच धातू. ओठावरची लव जावी म्हणून लावलेलं हे क्रीम कातडीतून अंगात भिनायचं, मग डोक्याचेही केस गळायचे, पाय दुखायला लागायचे, काहींना तर चालता येईना. खटल्यांच्या भाराने कंपनी बुडाली, पण हे विकणं त्या वेळी कायद्याने गुन्हा नव्हताच, कारण अमेरिकेचा १९०६ चा कायदा अन्न आणि औषधांपुरता होता, सौंदर्यप्रसाधनं त्यात बसतच नव्हती.

आणि मग लॅश ल्यूर. हे आयब्रो करणाऱ्या प्रत्येकीने माहीत करून घ्यावं असं माझं मत आहे. १९३३ च्या आसपास पापण्या आणि भुवया काळ्या करायचा हा डाय निघाला, त्यात पीपीडी जातीचं रसायन, केसांच्या काळ्या डायमध्ये आजही असतं तेच. डोळ्याजवळ लावल्यावर काहींचे डोळे सुजून बंद झाले, बुबुळावर जखमा झाल्या, काहींची नजर गेली आणि एक बाई दगावली. एफडीएने अशा वस्तूंचं एक प्रदर्शनच मांडलं होतं, त्यात एका बाईचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते. १९३८ मध्ये नवा कायदा आला आणि त्याखाली पहिल्यांदा जप्त झालेल्या मालात हाच होता. हेअर डायवाल्यांनी मात्र स्वतःपुरती सूट मिळवली, पण पाकिटावर दोन इशारे छापायच्या अटीवर: आधी थोडासा लावून टेस्ट करा, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. पॅच टेस्ट म्हणून जी आपल्याला कटकट वाटते ती ही. आयब्रो टिंटआधी दोन दिवस कानामागे ठिपका लावून बघायला सांगतात आणि आपण म्हणतो, अगं काही होत नाही मला, करून टाक. पीपीडीची ॲलर्जी पहिल्या वेळेस होतेच असं नाही, पाचव्या-सहाव्या वेळेसही उभी राहते, म्हणून "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" याला काडीचा अर्थ नाही.

मेणाकडे येऊ. वॅक्सला चिकटपणा बहुतेक वेळा राळेमुळे येतो आणि राळेची ॲलर्जी असणारे लोक कमी नाहीत, बँडेजच्या चिकटपट्टीने ज्यांना पुरळ येतं त्यांनी आधी सांगावं. पूर्ण बिकिनी वॅक्स ही फॅशन, ब्राझीलहून आलेल्या सात बहिणींनी १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सलून काढलं, तिथून पसरली. २००७ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी एक केस प्रसिद्ध केली, विशीतली मुलगी, टाइप वन डायबिटीस आणि तोही आटोक्यात नसलेला, वॅक्सनंतर जंतुसंसर्ग इतका पसरला की जिवावर बेतलं. डायबिटीसचा प्रश्न फॉर्मवर का असतो ते इथे कळतं: केस मुळासकट निघाला की तिथे उघडं भोक राहतं आणि कातडीला बारीक चिराही जातात. मेणाच्या डब्यात तीच लाकडी पट्टी पुन्हा बुडवताना दिसली तर सरळ उठून यावं, ओळख असली तरी.

गोळ्यांचा प्रश्न मुख्यतः आयसोट्रेटिनोइनसाठी असतो, ॲक्नेसाठी देतात ती. अमेरिकेत ती १९८२ मध्ये आली आणि तिच्या माहितीपत्रकात लिहिलेलंच आहे की गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान सहा महिने वॅक्सिंग नको. लावायची रेटिनॉइड क्रीम, म्हणजे माझ्या ॲडापलीनसारखी, त्याच जातीची, जोर कमी इतकंच, त्यांनी वरचा थर नाजूक होतो आणि मेण केसाबरोबर तोही धरतं. माझा पापुद्रा असाच गेला.

आता परमनंट आयब्रो. नाव मेकअप असलं तरी हे गोंदणच आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. एडिसनने कागदावर भोकं पाडून नकला काढायला १८७६ मध्ये विजेचं पेन काढलं, त्यावरून सॅम्युअल ओरायली याने १८९१ मध्ये गोंदणाच्या मशीनचं पेटंट घेतलं, आणि मग गालावर कायमची लाली गोंदवून घ्यायचंही फॅड आलं. डॉक्टरी जर्नलमध्ये आयलायनर गोंदण आलं ते १९८४ मध्ये, डॉक्टर अँग्रेस यांच्या लेखातून. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना चष्म्याशिवाय पेन्सिल धरता येत नाही, केमोने ज्यांच्या भुवया गेल्यात, त्यांना याचा खराच उपयोग होतो, तिथे मला काही बोलायचं नाही. मायक्रोब्लेडिंग हे त्याचंच हाताने करायचं रूप, बारीक सुयांची रांग असलेलं पातं कातडीत ओढून केसासारख्या रेघा काढायच्या.

पण शाई हा सगळ्यात ढिला राहिलेला भाग. २००३-०४ मध्ये एकाच ब्रँडच्या काही शेड्समुळे एफडीएकडे दीडशेहून जास्त तक्रारी आल्या, सूज, फोड, गाठी, आणि त्या चटकन बऱ्या होणाऱ्या नव्हत्या, कारण शाई आत बसलेली, धुणार कशी. कातडीत टोचायला म्हणून एफडीएने आजवर एकाही रंगाला मंजुरी दिलेली नाही. युरोपने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या आणि परमनंट मेकअपच्या शाईतली हजारो रसायनं एकदम बंद किंवा मर्यादित केली. म्हणून शाईच्या बाटलीचा फोटो काढून ठेवा, नाव आणि बॅच नंबर दिसेल असा, पुढे काही झालं तर डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

रंगाचंही एक आहे. ब्राऊन शेड बऱ्याचदा लाल, पिवळा आणि काळा मिसळून बनते आणि सगळे सारख्या वेगाने फिके होत नाहीत, म्हणून दोन वर्षांनी भुवया नारिंगी दिसायला लागतात, कार्बनची काळी शाई असेल तर राखाडी-निळ्या. मग लेझरने काढायला जावं तर लोखंडाच्या ऑक्साइडचा आणि टायटॅनियमच्या पांढऱ्याचा रंग लेझरने उलट काळा पडू शकतो, हे १९९३ पासून नोंदलेलं आहे, तरी पूर्ण भुवईवर एकदम लेझर मारणारे आहेतच. आधी एका टोकाला ठिपक्याएवढं करून बघायला सांगा. आणि एमआरआय करायची वेळ आली तर भुवया गोंदवलेल्या आहेत हे टेक्निशियनला सांगा, क्वचित तिथे गरम होतं किंवा चुरचुरतं.

परवा मी फॉर्मवर पहिल्यांदाच खरं लिहिलं, ॲडापलीन, रोज रात्री. पार्लरमधल्या मुलीने ते वाचलं, मेणाचा डबा बाजूला सरकवला आणि दोऱ्याचं रीळ उचललं.